माय सकाळी चांगली, सांजच्याले पापण्या पडतात. करंटवाली टेस्ट नॉर्मल आली, आता काय?

धुऱ्यावरचा (राळेगाव तालुका) | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लय दिवसापासून इथं वाचतो, लिवाची पाळी पहिल्यांदाच आली. मोठं हाये, सांभाळून घ्या.

माही माय, वय ५४. शुगर नाही, बीपी नाही. पोळ्याच्या आसपास सुरू झालं, सांजच्याले तिच्या पापण्या खाली येतात, डावी जास्त. आधी वाटलं झोप येत असन. मंग म्हने मले दोन-दोन दिसते, रस्त्यानं एक बंडी येऊन राहिली तं तिले दोन बंड्या दिसे. अन् जेवताना भाकर चावता चावता जबडाच थकते, एका हातानं हनुवटीले टेकू देते तवा चावल्या जाते. पायटे उठली का एकदम बरी! चूल पेटवते, पाणी भरते, बोलाले खणखणीत. अन् आपण डॉक्टरकडे जातो कवा, तं सकाळची यष्टी धरून. तिथं जाईस्तोवर माय चांगलीच असते, डॉक्टर माह्याकडे पाहते का हा काऊन घेऊन आला.

पहिले गावचे पीएचसीत गेलो तं त्यायनं विचारलं रात्री खाली झोपल्या होत्या का, काही चावलं का. रातभर ठेवून घेतलं अन् सोडलं. मंग डोळ्याच्या डॉक्टरनं चष्म्याचा नंबर बदलून देला. तिसऱ्यानं सांगतलं टेन्शन हाये, पोराचं लग्न करा. (पोरगा म्हणजे मीच.)

चौथे डॉक्टर भेटले थे मातर बेस. त्यायनं मायले फक्त वर छताच्या पंख्याकडे पाहत राहा म्हनलं. एक मिनिट झालं नसन, डावी पापणी हळूहळू शटरसारखी खाली आली. म्हने मायस्थेनिया वाटते, म्हणजे स्नायू वापरले का थकतात थो आजार. गोळी सुरू केली पायरिडोस्टिग्मिन ६० ची, अन् दोन गोष्टी लिवून देल्या, रक्ताची अँटीबॉडी अन् आरएनएस नावाची करंटवाली टेस्ट. रक्ताचा रिपोर्ट याचाच हाये. करंटवाली एका खाजगी सेंटरले केली, थो रिपोर्ट नॉर्मल. तिथला माणूस म्हने नस एकदम चांगली हाये, काही आजार नाही.

आता घरात भांडण. मोठेबाबा म्हनते गोळ्या बंद करा, पैसे वाया. माय म्हनते मी नाटकं करतो का मंग. नॉर्मल म्हणजे नाहीच का? का पुन्हा कराव?

हिंगणघाटकर | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५८

भाऊ गोळी घेतल्यावर फरक पडते का तिले?

धुऱ्यावरचा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

हाव. पाऊण घंट्यात डोळा उघडते. तीन-चार घंटे राहते, मंग पुन्हा तेच. पोट बिघडते तिचं गोळीनं थोडं.

रानमेवा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३१

आमच्याकडे याला हवा लागली म्हणतात. एक गृहस्थ आहेत कळंबकडे, मंत्र टाकतात. करंट बिरंट देऊन अजून नसा खराब होतील बाईच्या.

लाटा_मोजणारा (नागपूर) | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१२

मी ईएमजी-एनसीव्ही (स्नायू आणि नसांची विजेवर तपासणी) लॅबला टेक्निशियन आहे, १४ वर्षं झाली. डॉक्टर नाही, आधीच सांगून ठेवतो. पण ही टेस्ट रोजची आहे म्हणून चार गोष्टी विचारतो, उत्तरं द्या:

टेस्टच्या दिवशी सकाळची गोळी दिली होती का? कोणत्या जागी पट्ट्या लावल्या, फक्त हाताला की खांद्याला, चेहऱ्याला पण? हात गार होता का? आणि मुठ आवळायला लावून पुन्हा करंट दिला का एकदाच देऊन उठवलं?

धुऱ्यावरचा | १० नोव्हेंबर, सकाळी ६:२०

सर, गोळी देली होती ७ वाजता, डॉक्टरनं टाइमावर द्या म्हनलं होतं म्हनून. टेस्ट १० वाजता. फक्त उजव्या हाताले, करंगळीच्या बाजूनं. एसी लय जोरात होता, माय पदर गुंडाळून बसली होती, हात बर्फासारखा. मुठ बिठ काही नाही, पाच मिनिटात बाहेर.

लाटा_मोजणारा | १० नोव्हेंबर, दुपारी १:४५

मग भाऊ त्या नॉर्मल रिपोर्टवर फार विसंबू नका. सगळंच आजार लपवायच्या बाजूनं झालं आहे. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, लांब होईल.

आरएनएस म्हणजे एकाच नसेला ठरावीक वेगाने पुन्हा पुन्हा छोटा करंट द्यायचा आणि तिच्यावरचा स्नायू दर वेळी किती उत्तर देतो ते स्क्रीनवर लाटेच्या उंचीत मोजायचं. मायस्थेनियासाठी वेग सावकाश असतो, सेकंदाला २ किंवा ३. एका खेपेला दहाएक करंट, म्हणजे तीन ते पाच सेकंदांत खेळ खतम. पहिल्या लाटेची उंची धरायची आणि चौथी-पाचवी तिच्यापेक्षा किती बुटकी झाली ते बघायचं. १० टक्क्यांपेक्षा जास्त घसरली तर त्याला डिक्रिमेंट म्हणतात, तीच खूण.

का घसरते? नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचा तयार साठा असतो, करंट आला की त्यातलं थोडं सुटतं आणि स्नायूच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, मग स्नायू आवळतो. लागोपाठ करंट दिले की दर खेपेला थोडं कमी कमी सुटतं, हे तुमच्या माझ्यात पण होतं, पण आपल्याकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं म्हणून फरक दिसत नाही. गावच्या नळाचं धरा. टाकीची पातळी उतरत जाते पण तोटी मोकळी असेल तर चौथी बादली पण भरते. तोटी गाळाने बुजली असेल तर टाकी फुल असताना पाणी येतं आणि पातळी जराशी उतरली की थेंब थेंब. मायस्थेनियात शरीराने स्वतःच तयार केलेल्या अँटीबॉडीज ते रिसेप्टर बुजवतात, नष्ट पण करतात. टाकी ठीक, नस ठीक. म्हणून त्या माणसाचं "नस चांगली आहे" हे वाक्य खरंच आहे हो, पण आजार नसेत नाहीच, नस आणि स्नायूच्या मधल्या फटीत आहे.

आता तुमच्या केसचं. ती गोळी ॲसिटिलकोलीन फोडणाऱ्या एन्झाइमला थोपवते, म्हणून रसायन जास्त वेळ टिकतं आणि लाट घसरत नाही. टेस्टच्या आधी साधारण १२ तास गोळी थांबवतात. पण ते डॉक्टरने सांगितलं तरच, गिळायला किंवा श्वासाला त्रास असलेल्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दुसरं, थंडीत ते एन्झाइम सुस्त पडतं, परिणाम तोच. गार हातावर डिक्रिमेंट सहज लपतं. आम्ही हात गरम पाण्यात ठेवायला लावतो, कातडीचं तापमान मोजतो. तिसरं, तुमच्या मातोश्रींचा त्रास डोळे आणि जबड्यात आणि तपासलं काय तर करंगळीचा स्नायू. खांद्याचा ट्रॅपेझियस, नाकाच्या बाजूचा किंवा डोळ्याभोवतीचा स्नायू बघायला हवा होता. आणि चौथं, स्नायू एक मिनिट पूर्ण जोर लावून आवळायचा, मग लगेच एक खेप, आणि पुढे दर मिनिटाला एक अशा तीन-चार खेपा. लगेचची खेप उलट सुधारलेली दिसते, खरी घसरण दोन ते चार मिनिटांनी उघडी पडते. तुमच्याकडे तेवढा वेळ कोणी थांबलंच नाही.

@रानमेवा करंटने नसा खराब होत नाहीत. आणि यानं आजार बरा पण होत नाही, ही फक्त मोजणी आहे.

वणीची_लेक | १० नोव्हेंबर, दुपारी ३:०२

मला हाच आजार आहे, ६ वर्षं, डोळ्यांपुरताच. टेस्टबद्दल काकूंना घाबरवू नका म्हणून सांगते. वावरात रानडुकरासाठी झटका मशीन लावतात ना, तिच्या तारेला चुकून हात लागल्यावर जसं होतं तसंच, पण खूप हलकं, आणि टक् टक् टक् दहा वेळा. हाताचं काहीच वाटलं नाही. चेहऱ्याचं मात्र विचित्र, गाल आपोआप उडतो आणि दातापर्यंत जाणवतं, मी तर हसायलाच लागले आणि ते म्हणाले हलू नका ताई लाट बिघडते.

माझं आरएनएस दोनदा नॉर्मल होतं बरं का!! अँटीबॉडी पण निगेटिव्ह. शेवटी सिंगल फायबर ईएमजी केली. कपाळात बारीक सुई, भुवई थोडीशीच ताणून धरायची, ना जास्त ना कमी, वीस-पंचवीस मिनिटं. ती कंटाळवाणी आहे, दुखत तेवढी नाही. त्यात आलं.

लाटा_मोजणारा | १० नोव्हेंबर, सायंकाळी ७:२०

ताईंचं उदाहरण नेमकं आहे. अंगभर असलेल्या मायस्थेनियात आरएनएस तीन-चतुर्थांशाच्या आसपास लोकांत पकडतं, फक्त डोळ्यांचा असेल तर निम्म्यांत पण नाही. अँटीबॉडीचं तसंच, अंगभर असेल तर सुमारे ८५ टक्के पॉझिटिव्ह, डोळ्यांपुरत्यात निम्मे. उरलेल्यांपैकी काहींत मस्क नावाची वेगळी अँटीबॉडी निघते.

सिंगल फायबरमध्ये एकाच नसेच्या फांद्यांवरचे दोन शेजारी तंतू मागे-पुढे किती डगमगतात ते मोजतात, त्याला जिटर म्हणतात. सगळ्यात बारीक पकडणारी टेस्ट हीच. पण जिटर दुसऱ्या नसांच्या आजारात पण वाढतं, म्हणून तेवढ्यावर शिक्का मारत नाहीत. आणि हे करणारा हात पाहिजे, सगळीकडे नसतो. नागपुरात मेडिकलचं सुपर, मिहानचं एम्स, नाहीतर सेवाग्राम-सावंगी, आधी फोन करून विचारा की आरएनएस चेहऱ्यासकट होतं का आणि कोणत्या वारी. विचारल्याशिवाय यष्टीत बसू नका.

पीएचसीवाला | १० नोव्हेंबर, रात्री १०:४८

मी एमओ (सरकारी दवाखान्याचा डॉक्टर) आहे, गडचिरोलीला पाच वर्षं काढली, आता यवतमाळ जिल्ह्यात. धागाकर्त्याने आमच्यासारख्याच कोणावर वैताग काढलाय म्हणून जरा बाजू मांडतो.

आपल्या भागात बाई पडलेल्या पापण्या घेऊन आली की पहिला प्रश्न साप हाच असला पाहिजे. मण्यार रात्री खाली झोपलेल्याला चावते, दुखत नाही, दात दिसत नाहीत, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या पडतात, पुढे श्वास. तिचं विष त्याच फटीवर मारा करतं. मी दोन पेशंट तालुक्याला नेता नेता अँबूबॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत नेलेत, त्यामुळे रात्रभर ठेवून घेतलं त्याबद्दल राग नको.

दुसरा प्रश्न फवारणी. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले ते सगळ्यांना माहीत आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं तेच एन्झाइम बंद पाडतात जे मायस्थेनियाची गोळी मोजून-मापून थोपवते. त्या विषबाधेत एक ते चार दिवसांनी मान उचलता येत नाही, श्वास कमी पडतो असं होतं, आणि तेव्हा पण आरएनएस बिघडलेलं येऊ शकतं. म्हणून सांगा, काकू फवारणीच्या वावरात जातात का?

चूक झाली ती पुढे. साप नाही, फवारणी नाही, मग संध्याकाळी परत या असं कोणीतरी म्हणायला हवं होतं. किंवा बर्फ. पातळ कापडात गुंडाळून मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरायचा, काढल्या काढल्या पापणी २ मिलिमीटर किंवा जास्त वर गेली तर मायस्थेनियाचा संशय पक्का. कारण वर टेक्निशियन साहेबांनी सांगितलं तेच. लसीच्या फ्रीजमधले आइसपॅक प्रत्येक पीएचसीत असतात, त्याला ईएमजी मशीन लागत नाही.

धुऱ्यावरचा | ११ नोव्हेंबर, सकाळी ५:५५

डॉक्टर साहेब राग नाही जी. फवारणीत माय जात नाही, फवारतो मीच. थे फक्त कापूस वेचाले जाते.

बर्फाचं लिवलं म्हनून आठोलं. उन्हाळ्यात तिले काहीच नव्हतं, पण आता पाहतो तं भर उन्हात वेचून आली का जास्त पडते पापणी, अन् नहाणीत थंड पाणी तोंडावर मारलं का घडीभर बरी. आमाले वाटे झोप उडाली.

अन् एक. आमच्या घरी वेचणीची वही हाये, मजुरायचा काटा दोन टाइम होते, जेवाच्या सुट्टीले अन् सांजीले. मायचा बी लिवतो मी, घरची असली तरी. काल वही काढली. मागच्या साली सकाळी १९ किलो, दुपारून १६, असंच हाये सारं. या साली सकाळी १८ अन् दुपारून ७. एक दिवस ५. बाकी बायायचा एवढा फरक नाही.

लाटा_मोजणारा | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३०

अरे बाप्पा. ती वही डॉक्टरला दाखवा. १८ ची ७ म्हणजे ६१ टक्के डिक्रिमेंट, माझ्या मशीनवर पण एवढं सुंदर क्वचित येतं.

गंमत नाही करत. अशक्तपणा आहे आणि वापरल्यावर वाढतो, विश्रांतीने उतरतो, हेच तर टेस्टमध्ये शोधायचं असतं.

पांढरकवड्याचे_गुरुजी | ११ नोव्हेंबर, रात्री ८:१५

निवृत्त विज्ञान शिक्षक असल्याने राहवत नाही. बर्लिनच्या फ्रिड्रिख जॉली या डॉक्टरने १८९५ साली हाच प्रयोग केला होता, लागोपाठ विजेचे झटके दिले आणि रुग्णाचा स्नायू प्रत्येक झटक्याला कमी आवळताना बघितला. तेव्हा ना अँटीबॉडी ठाऊक ना ॲसिटिलकोलीन. आज करतात तशी मोजणीची रीत हार्वे आणि मासलँड यांनी १९४१ ला मांडली. त्याआधी १९३४ मध्ये लंडनला मेरी वॉकर या डॉक्टरीणबाईंच्या ध्यानात आलं की हा आजार क्युरारेच्या (बाणाला लावायचं, स्नायू लुळे पाडणारं विष) विषबाधेसारखा दिसतो, म्हणून तिचा उतारा देऊन बघितला तर रुग्णाची पापणी उघडली.

आणि डॉक्टर साहेबांच्या मण्यारीला जोडून एक. काकूंच्या रक्ताचा जो रिपोर्ट यायचा आहे ना, त्या तपासणीच्या मूळ पद्धतीत मण्यारीच्याच एका परदेशी बहिणीचं विष वापरतात, कारण ते रिसेप्टरला घट्ट चिकटतं आणि त्यामुळे रिसेप्टरला खूण करता येते. १९७३ साली पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या ईल माशातून काढलेला रिसेप्टर सशांना टोचला तर सशांना असाच लुळेपणा आला, आणि शरीरच स्वतःवर उलटतं हे पटलं. साप, मासा, ससा आणि राळेगावची पऱ्हाटी, एकाच फटीभोवती सगळे.

नागझिरा_परतीचा (गोंदिया) | ११ नोव्हेंबर, रात्री ९:०९

आमच्याकडे लाखोळीची डाळ खाऊन पाय जातात जुन्या लोकांचे, ते पण हेच का? आमचा आजा काठी टेकत कैची मारल्यासारखा चालायचा.

पीएचसीवाला | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४४

नाही. लाखोळीत बिघाड मज्जारज्जूत, पाय कडक होतात आणि सकाळ-संध्याकाळ सारखेच राहतात. पापणी पडत नाही, आरएनएस पण बिघडत नाही. गुलेन-बारेमध्ये पायापासून वर चढत जातं, काही दिवसांतच, आणि तिथे एनसीव्हीत नसाच बिघडलेल्या दिसतात, पहिल्या आठवड्यात मात्र ती पण फसवू शकते. स्नायूंना सूज येणारा मायोसायटिस असेल तर मांड्या-खांदे जातात, सुईच्या ईएमजीत आणि सीपीके नावाच्या रक्ततपासणीत कळतं.

संशयी_आत्मा | ११ नोव्हेंबर, रात्री ११:३०

सगळं ठीक पण गोळीने बरं वाटतंय ना, मग कशाला टेस्टच्या मागे पळायचं? लॅबवाल्यांचा धंदा.

वणीची_लेक | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

कारण पुढे आयुष्यभराची औषधं ठरतात भाऊ. स्टेरॉइड, इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या, छातीचा सीटी, कोणाला ऑपरेशन. एवढं सगळं "वाटतंय" वर करणार का? आणि गोळीने बरं वाटणं हा फक्त इशारा, मी स्वतः ऐकलंय डॉक्टरांकडून की दुसऱ्या आजारांत पण थोडा फरक पडू शकतो.

लाटा_मोजणारा | १२ नोव्हेंबर, दुपारी २:००

यात भर. लॅम्बर्ट-ईटन म्हणून एक चुलत आजार आहे, त्यात रसायन सुटतच कमी, पायापासून सुरुवात, तोंड कोरडं. सावकाश करंटला त्यात पण घसरण दिसते. पण दहा सेकंद जोर लावल्यावर लगेच एकच करंट दिला की लाट दुप्पट किंवा जास्त उंच होते, मायस्थेनियात तसं होत नाही. त्या आजारामागे बऱ्याचदा फुप्फुसाचा कॅन्सर लपलेला असतो, म्हणजे शोध वेगळ्याच दिशेला. दहा सेकंदांच्या मुठीने हे कळतं आणि लोकांना तीच करायचा कंटाळा.

धुऱ्यावरचा | २१ नोव्हेंबर, रात्री ८:५०

मंडळी, अपडेट. उशीर झाला, वेचणी सुरू हाये अन् मजूर भेटून नाही राहिले.

आमच्या डॉक्टरले सारं सांगतलं, त्यायनं दुसरीकडे चिठ्ठी देली, आधल्या रातच्या ९ पासून गोळी बंद ठेवाले सांगतलं अन् गिळाले त्रास झाला तं लगेच घ्याची हे बी सांगतलं. दुपारची वेळ मागून घेतली मी. बसमध्ये मायचे डोये जवळपास बंद, भाकर आणली होती पण खाल्ली नाही तिनं, फक्त च्या, थो बी हळूहळू.

तिथं एक मॅडम होत्या. पहिले मायचे दोन्ही हात कोमट पाण्याच्या बकेटीत, दहा मिनिटं. माय म्हने हे तं पाहुणचार झाला. मंग हात, मंग खांदा, मंग नाकाजवळ. मी मागून स्क्रीन पाहत होतो. हाताच्या लाटा एका उंचीच्या, ६ टक्के. माह्या पोटात गोळाच आला का हे बी नॉर्मल. मंग खांद्याले लावलं, मायले खांदे कानाकडे उचलून धराले लावले एक मिनिट, मॅडम वरून हातानं दाबून धरत. थांबलो. दोन मिनिटानं करंट देला तं पहिली लाट मोठी, दुसरी लहान, तिसरी, चौथी अजून लहान, कुडाच्या भितीसारखी उतरत गेली. २४ टक्के. नाकाजवळ ३१. मॅडमनं मायकडे वळून म्हनलं, "काकू, तुम्ही खरं सांगत होत्या." माय तिथंच रडली. मी बाहेर येऊन पान खाल्लं.

रक्ताचा रिपोर्ट बी आला, पॉझिटिव्ह. सीटीत गाठ नाही.

हिंगणघाटकर | २१ नोव्हेंबर, रात्री ९:०१

मोठेबाबा काय म्हणते आता 😄

धुऱ्यावरचा | २१ नोव्हेंबर, रात्री ९:०६

मोठेबाबा म्हनते मी तं पहिलेच म्हनलं होतं.

पीएचसीवाला | २१ नोव्हेंबर, रात्री १०:२०

छान. आता तीन कामं करा. सीटीत गाठ नाही हे चांगलं, दहा-पंधरा टक्क्यांत थायमसची (छातीतली एक ग्रंथी) गाठ निघते म्हणून बघतात. ऑपरेशनचं तरी वय आणि रिपोर्ट बघून न्यूरोवाल्यांना ठरवू द्या.

दुसरं, औषधांची यादी कागदावर लिहून काकूंजवळच ठेवा. ताप आला की गावात लगेच जेंटामायसिन किंवा अमिकासिनचं इंजेक्शन ठोकतात, सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन देतात, मलेरिया म्हणून क्विनीन-क्लोरोक्विन, बीपीच्या काही गोळ्या, सलाइनमधून मॅग्नेशियम. यांनी मायस्थेनिया अचानक बिघडू शकतो. देणाऱ्याला माहीत असायला हवं, एवढंच. स्टेरॉइड सुरू केल्यावर पण पहिल्या काही दिवसांत कधी कधी त्रास वाढतो, घाबरून बंद करू नका, फोन करा.

तिसरं, एका दमात अंक मोजायला लावा. चांगला माणूस पन्नासच्या जवळ जातो. वीसच्या खाली आलं, किंवा पाणी नाकातून यायला लागलं, की यष्टीची वाट बघू नका, १०८ लावा.

धुऱ्यावरचा | २२ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

काल रातच्याले मोजाले लावलं, ३८ वर गेली. म्हने मले पुढचे येतच नाही, शाळा दुसरीपावतर. आज पाढ्यासारखं पाठ करून राहिली.

यादी पोरीकडून मोठ्या अक्षरात लिवून घेतली, प्लॅस्टिकमध्ये टाकून तिच्या सुपारीच्या बटव्यात ठेवली. थो बटवा तिच्यापासून कोनी हलवू शकत नाही.

कापूसकोंडी (दर्यापूर) | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:३३

भाऊ त्या यादीचा फोटो टाका ना, माह्या बहिणीचं बी असंच चालू हाये दोन महिन्यापासून. अन् मॅडमनं खांदा किती मिनिट दाबला म्हनलं?

धुऱ्यावरचा | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:४१

एक मिनिट. फोटो सांजीले टाकतो, माय बटवा घेऊन वावरात गेली. फक्त सकाळच्या पाळीले.